नडियादची वाट आणि ‘सरस्वतीचंद्र’चे चार भाग

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी गाडी आणंद स्थानक सोडते आणि पंधरा-वीस मिनिटांत नडियाद येते. आपल्यापैकी फार थोडे लोक येथे उतरतात. कोणी अहमदाबादला खरेदीसाठी निघालेले असते, कोणी शंखेश्वरच्या यात्रेला, कोणी लग्नकार्याला. खिडकीतून चरोतरची तंबाखूची आणि केळीची हिरवी शेते दिसतात, फलाटावर चहावाला ओरडतो आणि गाडी पुढे निघते. गावात संतराम महाराजांचे प्रसिद्ध मंदिर आहे. माघी पौर्णिमेला तेथे साखरेची उधळण होते व ती झेलायला दूरदूरचे भाविक येतात. फरसाणाच्या दुकानांतून मिळणारे ‘भुसू’ घेण्यासाठी वाट वाकडी करणारेही काही आहेत. परंतु गुजराती माणूस या गावाचे नाव आदराने घेतो त्याचे कारण वेगळे आहे. तो नडियादला ‘साक्षरभूमी’ म्हणतो. मराठीत साक्षर म्हणजे लिहिता-वाचता येणारा. गुजरातीत तोच शब्द विद्वान साहित्यसेवकासाठी वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनसुखराम त्रिपाठी, मणिलाल नभुभाई द्विवेदी, कवी बालाशंकर कंथारिया आणि गोवर्धनराम माधवराम त्रिपाठी ही सारी मंडळी याच एका गावातून पुढे आली. सरदार वल्लभभाई पटेलांचा जन्मही येथलाच. १८७५ साली, आजोळी.

गेल्या हिवाळ्यात मी दोन दिवसांसाठी नडियादला गेले ती यांपैकी गोवर्धनरामांसाठी. खांद्यावरच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक ‘सरस्वतीचंद्र’ कादंबरीचा पहिला भाग, पुठ्ठा तीनदा बदललेला. आणि दुसरी एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही. त्या वहीविषयी पुढे सांगते. आधी गोवर्धनरामांविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या आयुष्याचा जमाखर्च आपल्यासारख्या पेढीवर वाढलेल्या माणसांना चटकन कळेल असा आहे.

त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५५ चा, दसऱ्याचा. नागर ब्राह्मणाचे घर. वडील माधवराम यांची मुंबईत पेढी होती. मुलाचे शिक्षण मुंबईत झाले, तो बी. ए. झाला, आणि त्याच सुमारास पेढी बुडाली. पदवी हाती घेताना या तरुणाने मनाशी तीन गोष्टी ठरविल्या होत्या: वकिलीची परीक्षा देऊन मुंबईत स्वतंत्र व्यवसाय करायचा, कोणाची नोकरी करायची नाही, आणि चाळिसाव्या वर्षी व्यवसाय सोडून उरलेले आयुष्य साहित्याला व लोकसेवेला द्यायचे. घरावर कर्ज चढले तेव्हा दुसरा निश्चय बाजूला ठेवावा लागला. १८७९ पासून १८८३ पर्यंत त्यांनी भावनगरचे दिवाण सामळदास यांचे खासगी चिटणीस म्हणून काम केले. संस्थानी कारभार, त्यातील कारस्थाने, दरबारी माणसांचे हसणे आणि हसण्यामागचे हिशेब हे सारे त्यांनी तेथे जवळून पाहिले. पुढे एलएल. बी. होऊन ते मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. व्यवसाय उत्तम चालला असताना १८९८ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, तो त्यांनी बंद केला आणि ते नडियादला परतले. ठरविल्यापेक्षा तीन वर्षे उशीर झाला. आपल्यात ‘मुलगा हाताशी आला की गादी सोडीन’ म्हणणारे कितीतरी शेठ सत्तरीतही गल्ल्यावर बसलेले आपण पाहतो. त्या मानाने हा उशीर अगदीच किरकोळ म्हटला पाहिजे.

ही वकिली चालू असतानाच ‘सरस्वतीचंद्र’चे लेखनही चालू होते. पहिला भाग १८८७ साली निघाला, दुसरा १८९२ मध्ये, तिसरा १८९८ मध्ये आणि चौथा १९०१ मध्ये. म्हणजे पहिला भाग वाचून संपविलेल्या वाचकाला कथेचा शेवट कळायला चौदा वर्षे लागली. लोकांनी सरळ तत्त्वचिंतन वाचावे ही अपेक्षा व्यर्थ आहे, कथेच्या द्वारे सांगितले तरच ते ऐकतील, हे ओळखून त्यांनी निबंधाऐवजी कादंबरीचा मार्ग धरला होता. कथा थोडक्यात अशी. सरस्वतीचंद्र हा मुंबईच्या लक्ष्मीनंदन नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा. आई नाही, घरात सावत्र आई आहे, तिचा कावेबाज भाऊ धूर्तलाल आहे. कुमुदशी त्याचा वाङ्‌निश्चय होतो. मग वडिलांच्या मनात किल्मिष येते, मुलगा दुखावतो आणि घर, संपत्ती, वाग्दत्त वधू सारे सोडून नाव बदलून निघून जातो. कुमुदचे लग्न प्रमादधन नावाच्या नालायक मुलाशी लावले जाते, आणि योगायोग असा की सरस्वतीचंद्र भटकत त्याच घरी पाहुणा म्हणून येऊन राहतो.

चारही भागांची उपशीर्षके पाहिली की लेखकाची मांडणी लक्षात येते. पहिला भाग बुद्धिधनाच्या कारभाराचा, दुसरा गुणसुंदरीच्या कुटुंबजाळाचा, तिसरा रत्ननगरीच्या राज्यतंत्राचा आणि चौथा सरस्वतीच्या मनोराज्याचा. एका घरात पहिला भाग दिवाणखान्यात वाचला जाई, दुसरा स्वयंपाकघरात, तिसरा पेढीवर, आणि चौथा जो तो एकट्याने वाची. हे मी आमच्या घराविषयी सांगत आहे. पण गुजराती बोलणाऱ्या असंख्य घरांत थोड्याफार फरकाने असेच घडले असेल. एवढे मोठे पुस्तक प्रत्येकाने विकत घेणे शक्य नव्हते. चार भागांचा एक संच एका घरात असे आणि पेठेतील दहा घरे त्यावर वाचीत. आपल्या जुन्या व्यवहारातील शाहजोग हुंडी जशी हातोहात फिरे आणि शेवटी पत असलेल्या माणसाच्याच हाती वटे, तसे या पुस्तकाचे होते. ज्याची पत नाही त्याला पुस्तक मिळत नसे. येथे पत म्हणजे एवढेच, की हा माणूस पान दुमडणार नाही आणि भाग परत आणील.

आमच्या घरी हा संच आला तो नडियाद स्थानकावरूनच. आजीला आम्ही बा म्हणत असू. बाचे माहेर कपडवंज. नडियादहून कपडवंजला रेल्वेचा फाटा जातो. पूर्वी कपडवंजच्या माणसाला मुंबईकडे किंवा दक्षिणेकडे यायचे तर नडियादला गाडी बदलावी लागे. १९३८ साली बा लग्न होऊन सांगलीला आली तेव्हा तिच्या वडिलांनी दिलेल्या पेटीत हे चार भाग होते. सांगलीच्या गणपती पेठेत आमची हळदीची व शेंगदाण्याची पेढी. पेठेत गुजराती घरे बऱ्यापैकी होती, बायका वाचणाऱ्या होत्या, आणि वाचायला फारसे काही नव्हते. नवी सून चार जाडजूड पुस्तके घेऊन आली आहे ही बातमी आठ दिवसांत पसरली. मागण्या सुरू झाल्या. बाने दोन वर्षे तोंडी देणे-घेणे केले. मग दुसरा भाग कोणाकडे आहे यावरून दोन घरांत धुसफूस झाली, तेव्हा तिने आजोबांकडून पेढीची एक कोरी वही मागून घेतली. माझ्या पिशवीत होती ती हीच.

वहीची पहिली नोंद संवत १९९७ मधली, म्हणजे १९४१ सालची. वर ‘श्री’, खाली तिथी, मग भागाचा आकडा, घर, आणि ‘गयो’ किंवा ‘आव्यो’. गेला, आला, जावक, आवक. व्यक्तीची नावे फारशी नाहीत. ‘कोपऱ्यावरच्या दुकानच्या मोठ्या सूनबाई’, ‘डॉक्टरांच्या घरी’, ‘मामींची धाकटी’ अशा खुणा आहेत. नियम वहीत लिहिलेले नाहीत, पण घरात सर्वांना पाठ होते. एका वेळी एकच भाग मिळेल. पहिला परत आल्याशिवाय दुसरा मिळणार नाही. ज्याने पुढचा भाग वाचला आहे त्याने मागच्याला कथा सांगायची नाही. हा शेवटचा नियम पाळला जाण्याची शक्यता नव्हतीच. नळावर, देरासरच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत कुठेतरी कोणीतरी फुटेच. एकदा प्रमादधन मरतो ही गोष्ट एका नणंदेने भावजयीला पापड लाटताना सांगून टाकली आणि त्या भावजयीने पंधरा दिवस अबोला धरला, असे बा हसत सांगे.

चार भाग असल्यामुळे एकाच वेळी चार घरांत वाचन चाले आणि ही चार घरे एकमेकांच्या मागे रांगेत उभी असत. पुढच्याने उशीर केला की मागचे तिघे खोळंबत. चातुर्मासात पुस्तके हळू फिरत, मे महिन्यात भराभर. वहीत एक उन्हाळा असा आहे की सात आठवड्यांत पहिला भाग पाच घरे करून आला आहे. एवढ्या वेगाने तो कसा वाचला गेला असेल याचे मला कोडे होते. बाने उलगडा केला होता तो असा, की त्या घरांत एक जण मोठ्याने वाची आणि बाकीच्या गहू-तांदूळ निवडीत ऐकत. लहान मुलींना आतल्या खोलीत पाठवीत, आणि त्या दाराआडून ऐकत.

दर ज्ञानपंचमीला बा सगळी पुस्तके काढून झटकी, नवी वेष्टने घाली. मी शेजारी बसून भाग हातात घेऊन पाही. पहिल्याची पाने बोटांनी मऊ झाली होती. दुसऱ्यावर हळदीचे डाग, तेलाचे वर्तुळ, एका पानावर दुधाचा ओघळ. गुणसुंदरी एकत्र कुटुंबाचा सारा भार एकटीने कसा वाहते ते ज्या पानांवर आहे तीच ही पाने. तिसऱ्या भागाच्या कडेला पेन्सिलीने बेरजा होत्या. राज्यतंत्र वाचता वाचता कोणीतरी पोत्यांचा हिशेब केला होता. चौथा भाग मात्र कोरा करकरीत. घरात यावर एक ठरलेला विनोद होता: शेवटापर्यंत कोणी पोहोचलेच नाही. गांधीजींनाही पहिल्या भागातला रस सर्वांत अधिक भावला होता आणि चौथा भाग विचारांनी जड आहे हे कोणीही मान्य करील. त्यामुळे तो विनोद खराही वाटे.

त्या कोऱ्या पानांचे कारण वहीत आहे. पण त्याआधी फईबांविषयी लिहिले पाहिजे.

फईबा म्हणजे बाची नणंद, माझ्या वडिलांची आत्या. एकोणिसाव्या वर्षी त्या विधवा होऊन माहेरी परत आल्या. बा सून म्हणून आली तेव्हा त्या घरात होत्या. पांढरे लुगडे, हातात काही नाही, दिवसभर काम. नव्या भावजयीने पहिला भाग सर्वांआधी दिला तो त्यांना. कथेत पुढे कुमुदही विधवा होते. ती नदीत वाहून जाते, साध्वी तिला वाचवितात, सुंदरगिरीवर तिची आणि सरस्वतीचंद्राची पुन्हा भेट होते. आता तिला बांधणारे काही उरलेले नाही. तोही तिच्याशी विवाह करायला तयार आहे. १९०१ सालच्या गुजराती वाचकांनी श्वास रोखून धरला होता तो येथे. विधवाविवाहाचा कायदा होऊन पंचेचाळीस वर्षे लोटली होती. लेखक स्वतः कायद्याचा जाणकार होता. त्याने बाजू सगळ्या मांडल्या, पाने भरून वाद घातला, आणि शेवटी कुमुदला नकार द्यायला लावले. सरस्वतीचंद्राचे लग्न तिची धाकटी बहीण कुसुम हिच्याशी होते.

याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते ते आठवून पाहावे. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला होता आणि गावकऱ्यांचा बहिष्कार सोसला होता. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला. गोवर्धनराम मुंबईत राहत होते. हे वारे त्यांच्यापर्यंत पोहोचले नसेल असे होणार नाही. त्यांच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की आपल्या वाचकांना ते आपल्यासोबत न्यायला बघत होते, आणि वाचक जेथवर येतील तेथवरच ते गेले. मला हे समर्थन पुरेसे वाटत नाही. ज्या माणसाने दीड हजारांहून अधिक पाने वाचकाला आपल्या मागे आणले, त्याच्या मागे वाचक आणखी दहा पावले चालला असता.

फईबांनी हेच कमी शब्दांत म्हटले होते. मी कॉलेजात असताना एकदा त्या आमच्याकडे आल्या होत्या. मी कादंबरीची स्तुती करू लागले, तर त्या म्हणाल्या, “लेखकाने कुमुदला नदीतून काढले खरे बाळ, पण घाटावरच ठेवून दिले.” आणि भाजी चिरू लागल्या.

आता नोंद. संवत २००२, जेठ महिना. इंग्रजी तारखेने जून १९४६. त्या महिन्यात फईबा हिंगण्याच्या संस्थेत शिकायला गेल्या. घरातून मोठा विरोध होता. आजोबा तीन दिवस जेवले नाहीत असे म्हणतात. बाने नणंदेची पेटी भरली, तिला स्थानकावर पोहोचवायला स्वतः गेली, आणि परत येऊन वहीत लिहिले: ‘भाग ४, बेनने आप्यो.’ सगळ्या वहीत ‘गयो’ आहे, ‘आव्यो’ आहे. ‘आप्यो’, दिला, हा शब्द एकदाच आहे. त्यापुढे परतीचा रकाना तिने रेघ मारून बंद केला आहे. उधारी माफ केल्यावर पेढीच्या खतावणीत मारतात तशी आडवी रेघ. तीन वर्षांनी, संवत २००५ मध्ये, आणखी एक नोंद आहे: चौथा भाग मुंबईहून मागविला. आमच्या कपाटातला कोरा करकरीत चौथा भाग तो हा. तोवर पेठेतील वाचणाऱ्यांची पिढी शेवटापर्यंत पोहोचून गेली होती. जुना चौथा भाग, ज्यावर त्या साऱ्यांची बोटे फिरली होती, तो फईबांकडे होता.

फईबा पुढे शिक्षिका झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत मुलींना शिकवीत राहिल्या. त्यांच्या मृत्यूनंतर खोलीत तो भाग सापडला नाही. त्यांनीही तो कोणाला तरी दिला असणार.

तर अशी ही वही घेऊन मी नडियादच्या जुन्या वस्तीत शिरले. अरुंद पोळी, दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर उन्हे खात बसलेली म्हातारी माणसे, भिंतींना टेकलेल्या स्कूटरी. गोवर्धनरामांचे घर येथे स्मृतिमंदिर म्हणून जपलेले आहे. वाट विचारावी म्हणून एका ओट्याशी थांबले. ओट्यावरच्या आजोबांनी आधी माझीच चौकशी केली. “बेन, क्यांथी?” सांगलीहून म्हटल्यावर त्यांना नीट कळले नाही, पुण्याजवळ म्हटल्यावर कळले. पिशवीतून मी पहिला भाग काढून दाखविला तसे ते हसू लागले. त्यांच्याही घरी संच आहे. किती भाग, असे विचारले तर म्हणाले, “त्रण. चोथो कोई लई गयुं छे.” तीन आहेत, चौथा कोणीतरी घेऊन गेले आहे. मग त्यांनी शेजारच्या ओट्यावरच्या गृहस्थांना हाक मारून विचारले. त्यांच्याकडे दोन होते. साक्षरभूमीत चारही भाग एका घरात सापडणे अवघड आहे असा त्या दोघांचा निष्कर्ष निघाला, आणि पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावाला हे शोभतेच असे मला वाटले.

मनसुखराम त्रिपाठींनी पत्नीच्या स्मरणार्थ सुरू केलेले डाहीलक्ष्मी ग्रंथालय हे या गावाचे भूषण. गावात वाचनालये आणखीही आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी मी ज्या कामासाठी मुख्यतः गेले होते ते काढले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने दुकानातील माल सोडून आधी बाचे पुस्तकांचे कपाट माळ्यावर चढविले होते. नंतर तो म्हणाला, “ताई, हे आता तू घेऊन जा. पुढच्या वेळी माझ्याच्याने होणार नाही.” संच पुण्याला माझ्याकडे आला आणि प्रश्न उभा राहिला की माझ्यानंतर तो वाचणार कोण? माझ्या मुलाला गुजराती बोलता येते, वाचता येत नाही. भावाच्या मुलांना बोलताही जेमतेम येते. हे मासिक ज्या घरांत जाते त्यांतील कितीतरी घरांत गुजराती विभागाची पाने आजी-आजोबांसाठी ठेवून बाकीचे मराठी विभाग उघडतात. मी स्वतः हा लेख मराठीत लिहीत आहे, यातच काय ते आले. तेव्हा संच लेखकाच्या गावी परत द्यावा असा विचार होता.

वाचनालयातील गृहस्थांनी पहिला भाग आदराने हातात घेतला, पुठ्ठ्यावरून हात फिरविला. असे संच वरचेवर येतात, म्हणाले. मुंबईहून येतात, परदेशी गेलेल्यांच्या घरांतून येतात, वडीलधारे गेले की येतात. ठेवून घेऊ. मग त्यांनी वही उघडली आणि ती मात्र ते बराच वेळ वाचत राहिले. शेवटी चष्मा काढून त्यांनी विचारले, “तमारे घेर कोई वांचनार नथी?” तुमच्या घरी वाचणारे कोणी नाही?

मी पुस्तक परत पिशवीत घातले. दुपारी संतराम मंदिरात जाऊन आले, भुसू घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसले. कपडवंजला जाणारी गाडी पलीकडच्या फलाटावर उभी होती.

पुण्याला आल्यावर कामाला लागले. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेषा नसलेली देवनागरीच. पूर्वी तिला वाणियाशाई, सराफी, महाजनी अशी नावे होती. ती वह्या-खतावण्यांची, हुंड्यांची लिपी होती आणि ग्रंथ मात्र देवनागरीतच लिहीत. भराभर लिहिण्यासाठी आपल्या पूर्वजांनी वरची रेघ काढून टाकली, एवढाच काय तो फरक. क, ख, च, ज, झ, फ, ब, आणि अ, इ अशी थोडी अक्षरे वेगळी आहेत. ती एका पोस्टकार्डावर मावतात. मराठी वाचणाऱ्या मुलाला रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांत मथळे वाचता येतात आणि सहा आठवड्यांत परिच्छेद. हे मी अनुभवाने सांगते, कारण माझी एक भाची या मुदतीत वाचू लागली. गोवर्धनरामांचे संस्कृतप्रचुर गुजराती मराठी माणसाला उलट सोपे जाते; आजच्या बोलीतील गुजराती त्यापेक्षा अवघड.

सूनबाईंनी वेगळा मार्ग काढला. त्रिदीप सुहृद यांनी केलेला इंग्रजी अनुवाद त्यांनी मागविला आणि त्यावरून वाचायला सुरुवात केली. गोविंद सरैयांचा १९६८ सालचा चित्रपट आम्ही दोघींनी मिळून पाहिला. नूतनची कुमुद आणि कल्याणजी-आनंदजींचे संगीत दोन्ही उत्तम, पण तीन तासांत चार भाग मावत नाहीत आणि दुसरा भाग, बायकांचा भाग, तर जवळजवळ दिसतच नाही, असे सूनबाईंचे मत पडले. गुणसुंदरीविषयी त्या माझ्याशी तावातावाने बोलतात. त्यांच्या मते गुणसुंदरीने एकत्र कुटुंबाचा गाडा ओढला हे कौतुकाने सांगणारा लेखक त्या गाड्यात कोण कोण बसले होते हे पुरेसे सांगत नाही. मी उलट म्हणते, सांगतो, नीट वाचा. मग त्या इंग्रजी काढतात, मी गुजराती काढते, आणि आमचे दोघींचे मराठीत भांडण चालते.

वहीत आता नव्या नोंदी सुरू झाल्या आहेत. बाच्या अक्षराखाली चार बोटे जागा सोडून पुढे लिहितो. संवत लिहिणे आम्हाला जमत नाही, इंग्रजी तारीख घालतो. भाग २ सांगलीला भावजयीकडे गेला आहे. रविवारी दुपारी ती फोनवरून तिच्या दोन जावांना वाचून दाखविते. भाग ३ घरात आहे, त्याला अजून मागणी नाही. चौथ्याच्या कोऱ्या पानांवर सूनबाईंनी पेन्सिलीने खुणा करण्याची परवानगी मागितली होती, ती मी दिली. भाग १ भाचीने तिच्या मराठी मैत्रिणीला वाचून दाखवायला म्हणून कोल्हापूरला नेला आहे. ‘गयो’ असे तिने स्वतःच्या हाताने, गुजराती अक्षरांत लिहिले आहे. ‘आव्यो’चा रकाना अजून रिकामा आहे.